डेटाबेसचं ‘आत्ता’ नेमकं कधीचं असतं?

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. ‘बिगिन’ देऊन ट्रान्झॅक्शन उघडा आणि ‘सिलेक्ट नाऊ()’ चालवा. समजा उत्तर आलं सकाळचे १०:०४, पुढे सेकंद आणि त्यापुढे सहा आकडी अपूर्णांक. आता चहा करायला जा, निवांत प्या, परत येऊन त्याच विंडोत तीच ओळ पुन्हा चालवा. उत्तर तेच, मायक्रोसेकंदापर्यंत तंतोतंत तेच. मध्ये दहा मिनिटं गेली याचा पत्ताच नाही. ‘कमिट’ देऊन, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं करून, पुन्हा विचारलं की घड्याळ एकदम ताळ्यावर येतं.

नवख्या माणसाला वाटतं सर्व्हर अडकलाय, नाहीतर कुठेतरी कॅश, म्हणजे साठवून ठेवलेलं जुनं उत्तर, आड येतोय. तसं काही नाही. पोस्टग्रेसमध्ये नाऊ() म्हणजे चालू ट्रान्झॅक्शन सुरू झालं ती वेळ. त्यालाच ट्रान्झॅक्शन_टाइमस्टँप() असं जास्त प्रामाणिक नावही आहे, पण एवढं लांबलचक टाइप कोण करतो! डेटाबेसशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल, तिच्या मानकातलं करंट_टाइमस्टँपसुद्धा इथे हेच उत्तर देतं. आणि हा बग नाही, मुद्दाम ठेवलेली सोय आहे, असं पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेलं आहे.

सोय कशी, ते बघू. ट्रान्झॅक्शन म्हणजे अनेक कामांची एक मोट: झाली तर सगळी, नाहीतर एकही नाही. एका दुकानाचं बिल घ्या. बिलाची मुख्य नोंद एका टेबलात, बिलातल्या बारा वस्तू दुसऱ्या टेबलात, साठ्यातली वजावट तिसऱ्यात. माणसाच्या दृष्टीने ही एकच घटना आहे, डेटाबेसला मात्र पंचवीसेक वेगवेगळे हुकूम द्यावे लागतात. हे बिल ३१ मार्चच्या रात्री बाराला एक सेकंद कमी असताना फाडलं, आणि प्रत्येक हुकूम आपापली ताजी वेळ बघत बसला, तर बिलाचं डोकं एका आर्थिक वर्षात आणि धड दुसऱ्या वर्षात जाईल. हिशेब जुळवणाऱ्याने कपाळावर हात मारण्याखेरीज काय करायचं? नाऊ() गोठलेलं असलं की सगळ्या नोंदींवर एकच शिक्का बसतो. शिवाय पुढे कधी ‘या बिलासोबत नेमकं काय काय बदललं’ हे शोधायचं झालं, तर तो शिक्काच धागा म्हणून कामी येतो.

गंमत म्हणजे एसक्यूएलचं मानक एवढी मागणी करतच नाही. १९९२च्या मानकात इतकंच म्हटलंय की एका स्टेटमेंटमध्ये, म्हणजे एका हुकमात, वेळ कितीही वेळा विचारली तरी उत्तर एकच आलं पाहिजे. ते उत्तर स्टेटमेंट चालताना नेमकं कोणत्या क्षणी काढायचं, हे ज्याच्या त्याच्यावर सोडलंय. पोस्टग्रेसने ती मर्यादा ट्रान्झॅक्शनपर्यंत ताणली. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसने स्टेटमेंटपाशीच ठेवली. तिथे ‘सिलेक्ट नाऊ(), स्लीप(२), नाऊ()’ असं चालवलं, तर मध्ये दोन सेकंद झोप काढूनही दोन्ही उत्तरं सारखी येतात, पण पुढच्या स्टेटमेंटला घड्याळ पुढे सरकलेलं असतं, मग ट्रान्झॅक्शन तेच का असेना. तिथेच नाऊ()च्या जागी सिसडेट() घातलं तर मात्र दोन उत्तरांत दोन सेकंदांचा फरक दिसतो, कारण ते ज्या क्षणी चालतं त्या क्षणाची वेळ देतं.

हा फरक वाटतो तितका पुस्तकी नाही. मायएसक्यूएलची रेप्लिका (मुख्य सर्व्हरची दुसरीकडे ठेवलेली प्रत) जेव्हा स्टेटमेंटच्या पद्धतीने चालते, म्हणजे मुख्य सर्व्हरवर झालेले हुकूम जसेच्या तसे दुसऱ्या सर्व्हरवर पुन्हा चालवले जातात, तेव्हा बिनलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, हुकमाबरोबर त्याची वेळही लिहिलेली असते. रेप्लिका आपलं ‘आत्ता’ त्या वेळेवर लावते आणि मगच हुकूम चालवते, म्हणून नाऊ() दोन्हीकडे सारखं निघतं. सिसडेट() या व्यवस्थेला जुमानत नाही. रेप्लिका तासभर मागे पडली असेल तर तिथली वेळही तासभर पुढची पडते आणि दोन सर्व्हरांत दोन वेगळी सत्यं नांदू लागतात. म्हणून सिसडेट()ला नाऊ()सारखंच वागायला लावणारी एक सेटिंग मायएसक्यूएलमध्ये मुद्दाम दिलेली आहे.

बाकीच्या डेटाबेसांचं थोडक्यात. ओरॅकलमधलं सिसडेट नाव तेच असलं तरी वळणाचं वेगळं: एका एसक्यूएल स्टेटमेंटपुरतं स्थिर, पण पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या कोडमध्ये दर वेळी विचाराल तेव्हा नवं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये गेटडेट()ने दहा लाख रो, म्हणजे टेबलातल्या ओळी, एका फटक्यात अपडेट केल्या तर सगळ्यांवर एकच वेळ पडते. पुढचं स्टेटमेंट आलं की नवी. त्याच्या जुन्या डेटटाइम प्रकाराची अचूकता सेकंदाचा तीनशेवा भाग इतकीच, त्यामुळे मिलिसेकंदांत शेवटचा आकडा सतत ०, ३ किंवा ७ दिसतो. हे आकडे बघून बुचकळ्यात पडलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत. एसक्यूलाइटमध्ये वेळ गोठते ती लायब्ररीला ‘पुढचं पाऊल टाक’ म्हणणाऱ्या एका स्टेप-कॉलपुरती आणि ती यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते.

पुन्हा पोस्टग्रेसकडे येऊ, कारण तिथे घड्याळं एकाहून जास्त आहेत. नाऊ() ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीचं. स्टेटमेंट_टाइमस्टँप() चालू हुकमाच्या सुरुवातीचं, म्हणजे क्लायंटकडून (हुकूम पाठवणाऱ्या प्रोग्रामकडून) शेवटचा संदेश सर्व्हरला पोचला तेव्हाचं. तुम्ही एक फंक्शन बोलावलं आणि त्याच्या पोटात चाळीस स्टेटमेंटं असली, तरी क्लायंटच्या बाजूने संदेश एकच गेलाय, त्यामुळे चाळीसही स्टेटमेंटांना हे घड्याळ एकच वेळ दाखवतं. आणि तिसरं क्लॉक_टाइमस्टँप(), भिंतीवरचं खरं घड्याळ. ते एकाच क्वेरीत रो-रोगणिक पुढे सरकतं.

मग हे तिसरंच सगळीकडे वापरलं तर काय बिघडलं, असं कोणीतरी विचारतंच. ‘गेल्या चोवीस तासांतल्या ऑर्डरी दाखव’ अशी क्वेरी धरा. नाऊ() वापरलं तर क्वेरी सुरू होण्याआधीच सीमा ठरते, आणि वेळेच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) असेल तर पोस्टग्रेस त्या जागी सरळ उडी मारतो. पोस्टग्रेसच्या वर्गवारीत नाऊ() ‘स्टेबल’ आहे: एका स्टेटमेंटमध्ये बदलणार नाही, अशी हमी. क्लॉक_टाइमस्टँप() ‘व्होलाटाइल’, म्हणजे भरवसा नसलेलं. ते प्रत्येक रोसाठी नव्याने काढावं लागतं, त्यामुळे ती अट इंडेक्सवर लावता येत नाही आणि अख्खं टेबल वाचावं लागतं. वर सीमारेषाही वाचता वाचता पुढे सरकत राहते. क्वेरी मंद का झाली म्हणून डोकं खाजवणाऱ्यांनी एकदा इथेही बघावं.

एक छुपा खड्डा याच वाटेवर आहे. कॉलमची डीफॉल्ट किंमत ठेवताना फंक्शनऐवजी अवतरणातला ‘नाऊ’ हा शब्द टाइमस्टँप म्हणून लिहिला, तर पोस्टग्रेस तो शब्द वाचताक्षणीच त्याची वेळ करून टाकतो. म्हणजे टेबल बनवलं ती वेळ. त्यानंतर वर्षभर येणारी प्रत्येक नवी रो टेबलाच्या जन्मवेळेचा शिक्का घेऊन येते. दस्तऐवजात याबद्दल स्पष्ट ताकीद आहे, पण दस्तऐवज खड्ड्यात पडल्यावरच उघडले जातात.

आता खरा गुंता. आतापर्यंत तीन वेळा पाहिल्या: ट्रान्झॅक्शनची सुरुवात, स्टेटमेंटची सुरुवात, प्रत्यक्ष क्षण. इतरांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची वेळ या तिन्हींत नाही. ती म्हणजे कमिटची वेळ, जेव्हा तुमचा बदल बाकीच्यांना दिसू लागतो.

कंपन्यांमध्ये एक नेहमीचं काम असतं: मुख्य डेटाबेसमधले नवे बदल दर पाच मिनिटांनी रिपोर्टिंगच्या डेटाबेसमध्ये न्यायचे. बहुतेक ठिकाणी पद्धत सोपी असते. प्रत्येक टेबलात अपडेटेड_ॲट नावाचा कॉलम, त्यात नाऊ(). सिंकवाला जॉब ‘मागच्या खेपेला जिथवर आलो त्यानंतरच्या रो दे’ म्हणतो, त्या उचलतो आणि नवी खूण लिहून ठेवतो. वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं. मग एक दिवस कोणीतरी सांगत येतं की रिपोर्टमध्ये ऑर्डर कमी दिसतायत, आणि मूळ टेबलात बघावं तर ऑर्डर तिथे व्यवस्थित बसलेली.

घड्याळ लावून बघू. १०:०० ला एक लांबलचक ट्रान्झॅक्शन सुरू झालं. त्याने एक रो बदलली, अपडेटेड_ॲटमध्ये १०:०० पडलं. अजून काही कामं बाकी असल्यामुळे कमिट झालं १०:०६ ला. दरम्यान १०:०५ ला सिंकचा जॉब येऊन गेला. त्याला कमिट न झालेली रो दिसली नाही, आणि दिसता कामाही नये. इतरांच्या छोट्या ट्रान्झॅक्शनांच्या १०:०४:५९ पर्यंतच्या रो त्याला मिळाल्या आणि त्याने खूण लावली, १०:०४:५९. पुढची खेप १०:१० ला. जॉब विचारतो, १०:०४:५९ नंतरचं काय आहे? आपली रो आता सर्वांना दिसतेय, पण तिच्यावर शिक्का १०:०० चा. ती या खेपेला येत नाही, पुढच्याही नाही, कधीच नाही. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही.

जमीनजुमल्याचे व्यवहार केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. खरेदीखतावर आज सह्या झाल्या आणि दुय्यम निबंधकाकडे ते दोन महिन्यांनी नोंदवलं, तर नोंदणी कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे त्याचा अंमल नोंदणीच्या नव्हे, सह्यांच्या तारखेपासून धरतात. मधल्या काळात वकिलाने कार्यालयात शोध घेतला असेल तर त्याला हा दस्त दिसलेला नसतो. आणि पुढच्या वेळी त्याने ‘मागच्या शोधानंतरच्या तारखेचे दस्त दाखवा’ असं सह्यांच्या तारखेवरून विचारलं, तर हा दस्त पुन्हा हुकतो.

इथे नाऊ()ऐवजी क्लॉक_टाइमस्टँप() घालून प्रश्न सुटेल असं पुष्कळांना वाटतं. भोक लहान होतं, बुजत नाही. रो लिहिल्याचा क्षण आणि कमिटचा क्षण यांत अंतर राहतंच, मग ते सहा मिनिटांचं असो की सहा मिलिसेकंदांचं. उलट लहान भोक जास्त त्रासदायक, कारण ते चाचणीत सापडत नाही आणि दिवाळीच्या सेलला सापडतं.

मग डेटाबेस सरळ कमिटची वेळच रोमध्ये का लिहीत नाही? कारण रो लिहिताना कमिट अजून भविष्यात आहे. होईल की नाही हेही ठाऊक नाही. कमिट झाल्यावर ती वेळ भरायची तर बदललेल्या प्रत्येक रो-पाशी परत जावं लागेल, आणि तो बदल म्हणजे पुन्हा लिहिणंच. पोस्टग्रेसने ९.५ या आवृत्तीपासून एक मधला मार्ग दिलाय: सेटिंग चालू केली तर प्रत्येक ट्रान्झॅक्शनची कमिटची वेळ बाजूला नोंदली जाते आणि रोवरून ती विचारता येते. मूळात ही सेटिंग बंद असते, चालू करायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, आणि ती वेळ कॉलमात नसल्याने तिच्यावर इंडेक्सही लावता येत नाही. एखाद्या रोची चौकशी करायला उत्तम, दर पाच मिनिटांच्या सिंकला फारशी उपयोगाची नाही.

सिंकसाठी लोक करतात ते असं. सगळ्यात सोपं म्हणजे दर खेपेला थोडं मागे सरकून वाचायचं, समजा पंधरा मिनिटं, आणि आधीच आलेल्या रो पुन्हा आल्या तर त्यांच्यावरच लिहायचं. चालतं, पण तुमचं सर्वांत लांब ट्रान्झॅक्शन पंधरा मिनिटांत संपतं यावर सगळी भिस्त. जरा जास्त चोख मार्ग म्हणजे आधी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या चालू सेशनांच्या यादीत बघायचं की उघड्या ट्रान्झॅक्शनांपैकी सगळ्यात जुनं कधी सुरू झालंय, आणि खूण कधीच त्याच्या पुढे न्यायची नाही. इथे परवानग्यांकडे लक्ष हवं. जॉबच्या युजरला अधिकार नसतील तर दुसऱ्यांच्या सेशनची सुरुवातीची वेळ त्याला रिकामी दिसते, आणि सगळं आलबेल असल्याचा भास होतो. तिसरा मार्ग म्हणजे वेळेचा नादच सोडायचा आणि डेटाबेसच्या लॉगमधून बदल उचलायचे. पोस्टग्रेसच्या लॉजिकल डिकोडिंगमध्ये बदल कमिटच्या क्रमाने बाहेर येतात आणि डेबेझियमसारखी साधनं त्यावरच उभी आहेत. यंत्रणा वाढते, एक जास्तीची गोष्ट सांभाळावी लागते. पण जिथे एकही रो हुकून चालणार नाही तिथे मी हाच मार्ग धरीन.

गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसने हा प्रश्न मुळापासून हाताळला. तिथे कॉलममध्ये ‘कमिट होईल तेव्हाची वेळ’ अशी रिकामी जागा ठेवता येते आणि डेटाबेस ती कमिटच्या वेळी भरतो. पण जगभर पसरलेल्या सर्व्हरांची घड्याळं एकमेकांशी जुळणार कशी? २०१२ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ट्रूटाइमचं वर्णन आहे. जीपीएस आणि आण्विक घड्याळांवर चालणारी ही सेवा ‘आत्ता किती वाजले’ याचं उत्तर एक आकडा न देता दोन आकड्यांत देते: या वेळेच्या आधी नक्की नाही, त्या वेळेच्या नंतर नक्की नाही. निबंधात ही अनिश्चितता साधारण १ ते ७ मिलिसेकंदांची सांगितली होती. कमिट करताना स्पॅनर ही अनिश्चितता संपेपर्यंत चक्क थांबून राहतो आणि मगच ‘झालं’ म्हणतो.

सुरुवातीची वेळ शिक्का म्हणून वापरण्याचा दुसरा परिणाम म्हणजे काळ उलटा वाहताना दिसतो. ट्रान्झॅक्शन ‘अ’ १०:०० ला उघडलं आणि नुसतं बसून राहिलं. ‘ब’ १०:०१ ला उघडलं, त्याने एका ग्राहकाचा पत्ता बदलला, कमिट करून मोकळं झालं. १०:०२ ला ‘अ’ने त्याच ग्राहकाचा फोन नंबर बदलला. आता अपडेटेड_ॲट १०:०१ वरून १०:०० वर आलं. नंतरचा बदल, आधीची वेळ. पोस्टग्रेस याबद्दल चकार शब्द काढत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून अशी टेबलं करता येतात जी प्रत्येक रोचा इतिहास आपणहून जपतात, आणि त्यातही वेळ ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीचीच लागते. पण तिथे वरचा प्रसंग घडला तर ‘ब’च्या नोंदीचा कालावधी १०:०१ ला सुरू होऊन १०:०० ला संपतो असं लिहावं लागेल. ते शक्य नाही, म्हणून एसक्यूएल सर्व्हर एरर १३५३५ देऊन ‘अ’चा बदल नाकारतो. ही एरर पहिल्यांदा बघणारा सर्व्हरचं घड्याळ तपासत बसतो. घड्याळ ठीक असतं. ट्रान्झॅक्शन उशिरापर्यंत उघडं ठेवलेलं असतं.

उघडं ठेवायला मुद्दाम काही करावं लागतं असंही नाही. पायथनची सायकोपीजी२ ही लायब्ररी पहिली क्वेरी चालवताच स्वतःहून ट्रान्झॅक्शन उघडते, मग ती साधी सिलेक्ट का असेना. रात्रंदिवस चालणाऱ्या एखाद्या प्रोसेसने कमिट करायचं राहू दिलं, तर तिचं नाऊ() दिवसभर सकाळच्या ९ वाजताच अडकलेलं राहतं आणि ‘मुदत संपलेली कामं उचल’ ही क्वेरी रिकाम्या हाताने परत येत राहते. चाचण्यांमध्येही हाच झटका बसतो. बरीच फ्रेमवर्कं प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात आणि शेवटी रोलबॅक करतात, म्हणजे केलेलं सगळं मागे घेतात. त्या चाचणीत तीन ऑर्डरी घातल्या आणि वेळ नाऊ()ने भरली, तर तिघींची वेळ सारखी, आणि ‘सर्वांत नवी ऑर्डर वर’ हा क्रम कसाही लागतो. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कने पोस्टग्रेससाठी आपलं नाऊ मुळातच स्टेटमेंट_टाइमस्टँप()वर बेतलंय, म्हणजे बाकीच्या डेटाबेसांशी वागणूक जुळते. ट्रान्झॅक्शनची वेळ हवी असेल तर त्यांच्याकडे ट्रान्झॅक्शननाऊ नावाची वेगळी गोष्ट आहे.

वेळेच्या पट्ट्यांचा विषय वेगळा आणि मोठा आहे, पण एक गोष्ट भारतात हमखास भोवते. सर्व्हर यूटीसीवर, सेशनची टाइमझोन कोणी बदललेली नाही, आणि कोडमध्ये करंट_डेट. मग मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत डेटाबेस कालचीच तारीख सांगतो. दिवसा कितीही तपासा, सगळं बरोबर दिसतं.

राहता राहिली ३१ मार्चची रात्र. व्याज आकारणीचा बॅच ११:५८ ला सुरू झाला आणि १२:२० ला संपला. नाऊ() असेल तर सगळ्या नोंदी ३१ मार्चच्या, आणि योगायोगाने ते बरोबरही ठरेल. पण सर्व्हरवर ताण असल्यामुळे तोच बॅच १२:०३ ला सुरू झाला तर सगळ्या नोंदी एकमुखाने १ एप्रिलच्या, आणि तितक्याच सुसंगतपणे चुकीच्या. बँकांची सॉफ्टवेअरं म्हणूनच कामकाजाची तारीख घड्याळावर सोडत नाहीत. ती वेगळी ठेवलेली असते आणि डे-एंड (दिवसअखेरीचं काम) पूर्ण झाल्यावरच पुढे सरकते, घड्याळात तेव्हा कितीही वाजलेले असोत. व्यवहाराची तारीख बॅचला बाहेरून द्यायची, नोंद केव्हा झाली यासाठी नाऊ() वेगळ्या कॉलमात ठेवायचं. आणि बॅच कुठवर आला हे लॉगमध्ये लिहायला क्लॉक_टाइमस्टँप() घ्यायचं, पण ते लॉग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहू नये: कमिट होईपर्यंत ते कोणाला दिसणार नाही, आणि बॅच मध्येच कोसळला तर तो कुठे कोसळला हे सांगणाऱ्या ओळीही रोलबॅकबरोबर पुसल्या जातील.